गजर, ब्रश, टिफिन

विद्यार्थीजीवनावर छोटा व्हिडिओ करून आणा असं वर्गात सांगितलं, की कुठल्याही कॉलेजातलं कुठलंही पोर सगळ्यात आधी मोबाइलचा गजर वाजवतं. पडद्यावर सहा वाजलेले. पांघरुणातून एक हात बाहेर येतो, गजर बंद होतो, हात परत आत. मग ब्रश. मग आरशात बघून केस. टिफिनचं झाकण, बसची खिडकी, कॉलेजचं गेट, पंख्याखाली माना डोलावणारा वर्ग, कँटीनचा समोसा, त्या समोशाभोवती चौघांचं हसणं (विनोद काय झाला ते कळत नाही, कारण वर गिटार वाजत असते) आणि शेवटी टेबललॅम्प, उघडं पुस्तक, त्यावर डोकं ठेवून झोपलेला विद्यार्थी. नोकरीत असताना स्पर्धांची परीक्षक म्हणून मी हा समोसा इतक्यांदा पाहिला आहे, की खरा खायची इच्छा उरलेली नाही.

मुलं आळशी असतात म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. लोहार भट्टीपाशी लोहारकाम करताना दिसतो, शेतकरी शेतात दिसतो. शिकण्याचं काम दिसतच नाही. बाकावर बसलेला मुलगा गणित सोडवतोय की पंख्याच्या पात्यांकडं बघत बसलाय, हे कॅमेऱ्याला कळायला मार्ग नाही. मग जे दिसण्याजोगं आहे ते गोळा केलं जातं: दप्तर, ओळखपत्र, चष्मा. विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर विद्यार्थ्याचा अभिनय करू लागतो आणि हमखास वाईट करतो.

यंदा हे काम माझ्या भाचीच्या गळ्यात पडलं. माझा भाऊ रसमड्याला राहतो. पत्ता सांगताना तो भिलाई म्हणतो, कारण भिलाई म्हटलं की नागपूरच्या नातेवाइकांना कळतं. पण भिलाईचे आखीव सेक्टर, झाडांच्या रांगा, सिविक सेंटर हे सगळं इथून बरंच लांब. दुर्ग सोडलं की नागपूरकडं येणारी गाडी शिवनाथ नदीचा पूल ओलांडते आणि एक लहानसं स्टेशन लागतं, ते रसमडा. मेल-एक्स्प्रेस तिथं थांबत नाहीत. स्टेशनच्या परिसरात बोरईचं औद्योगिक क्षेत्र, स्पंज आयर्नच्या भट्ट्या. गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी पांढरी राहत नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या माणसांना इकडं येणं म्हणजे परमुलखात जाणं वाटत नसे. आधी मोठ्या सरकारी पोलाद कारखान्यापायी माणसं आली, मग खाजगी कारखान्यांपायी. भाऊ दुसऱ्या लाटेतला. भाचीचा जन्म इथला. घरात आमची झाडीकडची मराठी, शाळेत हिंदी, अंगणात छत्तीसगढी. शेजारची बाई तिला नोनी म्हणते.

सरांनी तीन मिनिटं दिली होती. विषय: विद्यार्थ्याचा दिवस. मोबाइल आडवा धरायचा, आवाज स्वच्छ हवा, गाणं कुणाचं उचलायचं नाही. मी दिवाळीनंतर चार दिवस विसाव्याला गेले होते, तर सकाळी सहाला घरात गजर वाजला आणि वाजतच राहिला. बघते तर पोरगी टक्क जागी. पांघरुणातून हात बाहेर काढायची तालीम चाललेली.

“आत्या, तू काहून हसून राहिली?”

मी तिला सावेदादांची गोष्ट सांगितली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि तो प्रकार बघून भाटवडेकरांनी विलायतेहून एकवीस गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी टिपली. आणि १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी कॅमेरा लावला तो एका विद्यार्थ्यासमोर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आले होते, सीनियर रँग्लर झाले होते, आणि आता बोटीनं मुंबईत परतत होते. त्या स्वागताचं चित्रण हे भारतातलं पहिलं वृत्तचित्रण मानतात. आपल्याकडच्या बातमीपटांची सुरुवातच अशी विद्यार्थ्यापासून झाली, आणि तीही निकाल लागल्यानंतरच्या विद्यार्थ्यापासून. केंब्रिजच्या थंड खोलीत रात्री-अपरात्री घासलेली कागदांची बंडलं कुणी पाहिली नाहीत. पाहिला तो सत्कार.

“म्हणजे टॉपरचा व्हिडिओ,” भाची म्हणाली. तिच्या शहरात टॉपरचे व्हिडिओ आणि टॉपरचे फ्लेक्स यांना तोटा नाही. भिलाईच्या कोचिंग क्लासांच्या भिंतींवर दर वर्षी नवे चेहरे चढतात, गळ्यात हार, खाली रँक. तिची स्वतःची रँक कुठंच लागलेली नाही. ती जनसंचार शिकते आणि तिच्या बापाला अजून नीट उमगलेलं नाही की त्यात पुढं काय होतं.

मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. रँग्लर परांजप्यांची नात सई परांजपे. आजोबांच्याच घरात वाढलेली. तिनं १९८१ मध्ये ‘चष्मेबद्दूर’ काढला, आणि त्यात दिल्लीतल्या गच्चीवरच्या खोलीत राहणारी तीन पोरं दाखवली. दोघं बिनकामाचे, एकाच सिगारेटीचे झुरके वाटून घेणारे, पानवाल्याची उधारी थकवणारे, मुलींच्या मागं फिरून फजीत होणारे. तिसरा तेवढा पुस्तकात डोकं घालून असतो, आणि त्याचंही डोकं फार काळ तिथं राहत नाही. आजोबा देशातला सगळ्यात गाजलेला विद्यार्थी, आणि नातीनं पडद्यावर आणले ते हे. मला यात बंड वगैरे दिसत नाही. घरात पहिला नंबर इतक्या जवळून पाहिलेल्या बाईलाच कळलं असावं, की विद्यार्थ्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा काहीही न घडण्यात जातो, आणि ते काहीही न घडणं फार मजेचं असतं.

भाचीच्या दिवसात तो हिस्सा कुठं आहे ते मी दोन दिवस तिच्यामागं फिरून पाहिलं. तास सकाळचे. दुपारी ती मोकळी होते, पण परतीच्या लोकलला वेळ असतो. दुर्गच्या फलाटावर ठरलेल्या खांबाशी सगळ्या जमतात. भेळ, भांडणं, एकमेकींच्या चपला घालून पाहणं. कॉलेजात फोटोकॉपीवाल्यापाशी रांग, शिष्यवृत्तीचं पोर्टल चालत नाही म्हणून रांग, पोर्टल चालू झालं म्हणून अजून मोठी रांग. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, निवास प्रमाणपत्र, आणि हे सगळं एकमेकांवर अवलंबून, म्हणजे एक अडला की तिन्ही अडले. शिकवण्याचे तास एका बाजूला ठेवले आणि वाट पाहण्याचे दुसऱ्या, तर पारडं कुठं झुकेल ते सांगायला रँग्लर लागणार नाही. पण तीन मिनिटांच्या व्हिडिओत वाट पाहणं येत नाही. वीस सेकंद रांग दाखवली की बघणारा अंगठ्यानं पुढं सरकतो.

तीच लोकल पुढं राजनांदगावला जाते. तिथल्या दिग्विजय कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. १९६४ मध्ये गेले. भाचीला ते हिंदीच्या पुस्तकातले कवी म्हणून माहीत, अवघड म्हणूनही माहीत. त्यांच्या घरात मराठी बोलत आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत, हे सांगितल्यावर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी नात्यातला कुणी थोर माणूस ऐन वेळी उकरून काढलाय. मणी कौल यांनी १९८० मध्ये मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ काढला. तो मी तिला दाखवू पाहिला. दहा मिनिटांत ती झोपली. तिच्या वयात मीही झोपले असते.

नागराज मंजुळे मात्र तिला ठाऊक होते. ‘सैराट’ भिलाईतल्या मराठी घरांत पाठ आहे. पण करमाळ्याच्या जेऊरचा हा माणूस अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेला होता आणि त्याची पहिली शॉर्ट फिल्म ‘पिस्तुल्या’ ही अभ्यासक्रमाचं काम म्हणून झाली, हे तिला नवीन होतं. पंधरा मिनिटांच्या आसपासची फिल्म. या फिल्मला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, बिगर-कथापट विभागात, पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्यातली निवड मोठी वाटते. कॉलेजातल्या विद्यार्थ्याला कॅमेरा मिळाला, आणि त्यानं तो विद्यार्थ्यावर लावला नाही. ज्याला शाळेत जायचंय पण घरची माणसं चोरीला धाडतात, अशा मुलावर लावला. पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढं ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये दिसला. शाळा या गोष्टीचं वजन शाळेत बसलेल्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, बाहेर उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावर दिसतं, हे त्या फिल्मनं दाखवलं.

हे मी भाचीला मोठ्या आवेशात सांगितलं. परीक्षकगिरीची सवय. वर पायल कपाडियांचं नावही घातलं: पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, २०१५ साली तिथं १३९ दिवस चाललेल्या विद्यार्थ्यांच्या संपाच्या काळातल्या; त्या संपातल्या आणि देशातल्या इतर विद्यापीठांतल्या अस्वस्थ दिवसांची चित्रणं एका विद्यार्थिनीच्या पत्रांत गुंफून त्यांनी ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ केला आणि त्याला २०२१ मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आत्या, मंडेला सबमिट करायचं आहे. मी काय काढू, ते सांग.”

ठरलं असं, की बापाची शिफ्ट सुटताना कारखान्याचं गेट काढायचं. तिच्या फीचा उगम तोच. आणि गंमत म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या फिल्ममध्येही हेच आहे: १८९५, लिआँ शहर, त्यांच्याच कारखान्याचं गेट उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. पन्नास सेकंदांच्या आत खेळ संपतो, कारण फीतच सतरा मीटरची. त्या दृश्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, म्हणजे त्यांच्या पहिल्यावहिल्या खऱ्याखुऱ्या दृश्यासाठीही माणसांना पुन्हा एकदा बाहेर यायला लावलं होतं.

इथं गेटवरच्या गार्डनं मोबाइल बघूनच हात हलवला. बापानं घरी येऊन तोंड उघडलं ते वेगळंच. “बाई, तुह्या मार्कापायी माही नोकरी जाईन. गेटचा फोटो काढला म्हणून कोणाकोणाले विचारते ते, तुले माहीत हाय का?” तेव्हा भाची रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसली. टपरीच्या बाकड्यावरून गेट दिसत नाही, पण सुटलेली माणसं दिसतात. काळवंडलेले हेल्मेट, सायकली, मोटारसायकली, गळ्यातले गमछे. मागून भट्टीचा धूर आणि त्यातून येणारा तिरपा उजेड, म्हणजे सगळ्यांचे चेहरे काळे. उजेडाकडं पाठ असलेली माणसं मोबाइलात काळीच येतात. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवावा तर मागचं आभाळ पांढरं फटक. हे तंत्र तिनं मला समजावलं.

त्या काळ्या चेहऱ्यांतला एक टपरीपाशी थांबला. तिचा जुना वर्गमित्र निघाला. दहावीपर्यंत एका बाकावर नसले तरी एका वर्गात होते. मग वडील आजारी पडले आणि तो ठेकेदाराकडं लागला. काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. मी मनात म्हटलं, हा बघ तुझा पिस्तुल्या, आपल्या पायांनी चालत आला. भाचीनंही तेच ताडलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, तुझं घेऊ का? इथंच, असाच, हेल्मेटसकट.

तो हसला. म्हणाला, लेना है तो उधर लो ना, तेरे कॉलेज में. इधर का क्या लेगी.

त्याला गेटसमोर उभं राहायचं होतं, पण कॉलेजच्या. धूळ, हेल्मेट, भट्टी हे आम्हा दोघींना जे चित्रासारखं वाटत होतं, ते तो रोज अंगावरून धुऊन टाकतो. त्याला आमच्या हातून पुन्हा ते माखून घ्यायचं नव्हतं. शनिवारी त्यानं सुट्टी काढली आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला. दप्तर भाचीचं. ओळखपत्र तिच्या मैत्रिणीच्या भावाचं, फोटोची बाजू छातीकडं वळवलेली. आणि मग त्यानं स्वतःच सांगायला सुरुवात केली, काय काय घ्यायचं ते. आधी गजर. (हे दृश्य भावाच्याच घरात, भावाच्याच खाटेवर झालं, वहिनी दारात उभी राहून हसत होती.) मग ब्रश. मग टिफिन. मग लोकलची खिडकी, मग गेट, मग समोसा. ज्या यादीवर मी वर एवढी आग पाखडली ती यादी, त्याच क्रमानं.

तो ती यादी फार गंभीरपणे करत होता. गजर वाजल्यावर इतर मुलं वैतागल्याचं नाटक करतात. यानं हात बाहेर काढला आणि मोबाइल उचलून वेळ नीट वाचली. पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्या माणसाची सवय. गजर त्याच्यासाठी विनोदाचा विषय नाही. टिफिनचं झाकण त्यानं दोनदा दाबून पाहिलं. रिकाम्या वर्गात बाकावर बसला तेव्हा वही कुठं ठेवायची, हात कुठं ठेवायचे, हे त्यानं विचारून घेतलं. मला त्यात अभिनय कुठं संपतो ते कळेना. गजर, ब्रश, टिफिन अजूनही मला कंटाळवाणेच वाटतात, आणि पुढच्या स्पर्धेत कुणी दाखवले तर मी मार्क कापीन. पण त्याचे कापता आले नसते.

आवाजानं तिला रडवलं. लोकलच्या खिडकीत वारा, टपरीवर डंपर, घरात कुकर. निवेदन शेवटी रजईत डोकं खुपसून, मोबाइल तोंडाशी धरून केलं. रजईचा कापूस आवाज पितो आणि खोलीचा घुमारा जातो. निवेदनाची भाषा हिंदी, मधे एक वाक्य छत्तीसगढी. मराठी घालायला सर नाही म्हणाले नसते, पण वर्गात कळलं असतं किती जणांना. त्यात कुठंही हा मुलगा विद्यार्थी नाही असं तिनं सांगितलं नाही. मी सुचवलं होतं, शेवटी एक ओळ टाक. “नको,” ती म्हणाली, “मग सगळे त्याच्याकडं अरेरे करून बघतील.” हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे; मी तरी नाही.

व्हिडिओ झाला चार मिनिटांचा. तो तिला तीनवर आणता आला नाही. वाट पाहण्याची, खांबापाशी चपला अदलाबदल करण्याची दृश्यं आधीच गेली होती. टपरीवरून घेतलेल्या काळ्या चेहऱ्यांचाही एक तुकडा गेला. उरलेल्यातला एकही तुकडा तिला सुटेना. सरांनी छायाचित्रण चांगलं म्हटलं, विषय नेहमीचाच म्हटलं, आणि जादा मिनिटाबद्दल मार्क कापले. तिला राग आला, मला नाही. तीन म्हणजे तीन. सतरा मीटर संपले की ल्युमिएरांचा कामगार अर्ध्या पावलावर थांबे. मात्र सरांनी आणखी एक विचारलं: हा मुलगा कुठल्या वर्षाचा? आपल्या विभागात पाहिल्यासारखा वाटत नाही. भाचीनं सांगितलं, कॉमर्सचा आहे.

मुलाला हवा होता तो व्हिडिओ. पूर्ण फाइल व्हॉट्सॲपवर जाईना, म्हणून तिनं तुकडे करून पाठवले. त्यानं त्यातला स्टेटसला कुठला ठेवावा? गेट नाही, वर्ग नाही. कँटीनचा समोसा, चौघांत बसून हसतोय, विनोद ऐकू येत नाही. रात्रीतून सगळ्या ओळखीच्यांनी पाहिला. त्यात ठेकेदाराचा सुपरवायझरही होता. सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी त्यानं मोबाइल पुढं धरून विचारलं, शनिवार को तो तेरे को बुखार था ना?